काचपट्टीवरील आगंतुक : पेशीपरीक्षेतील प्रक्षेपांविषयी

जुन्या पोथ्यांचे संपादन करणाऱ्या अभ्यासकास एक अनुभव वारंवार येतो. ग्रंथातील जो भाग सर्वांत ठसठशीत, सर्वांत रसाळ आणि सर्वांच्या तोंडी असलेला, तोच पुष्कळदा मागाहून घातलेला निघतो. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे ही महाभारताच्या आरंभीची कथा लहानपणी ऐकली नाही असा मराठी मनुष्य विरळा. परंतु भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत ही कथा संहितेत नाही, परिशिष्टात आहे. 1933 साली आदिपर्व पूर्ण करताना विष्णु सीताराम सुखठणकरांनी ती तेथे ठेवली. कथा गोड आहे याबद्दल त्यांचाही वाद नसावा. प्रश्न एवढाच होता की, ती या संहितेची आहे काय?

सूक्ष्मदर्शकापुढे बसणाऱ्यास हाच प्रश्न रोज, किंबहुना प्रत्येक काचपट्टीगणिक, सोडवावा लागतो. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय पेशीविकृतिशास्त्राचा, म्हणजे शरीरातून सुट्या झालेल्या पेशी काचेवर पसरून, रंगवून, त्यांवरून रोगाचे निदान करण्याचा. आणि आयुष्यातील बहुतेक वर्षे हावडा येथे गेलेली. वाङ्मयाच्या अभ्यासकांपुढे हा विषय मांडण्याचे धारिष्ट्य करण्याचे कारण असे की, आमच्या शास्त्रातील हा भाग रसायनाचा किंवा शरीरशास्त्राचा जेवढा आहे, त्याहून अधिक पाठचिकित्सेचा आहे. काचपट्टीवर जे दिसते ते सर्वच रुग्णाचे नसते. काही वाऱ्याने आलेले असते, काही आमच्याच हातांनी घडलेले असते, आणि काही (हे सर्वांत घातक) दुसऱ्याच रुग्णाचे असते. ते ओळखता आले नाही, तर निरोगी माणसावर शस्त्रक्रिया होते किंवा रोगी माणूस निर्धास्त घरी जातो.

प्रथम काचपट्टी कशी तयार होते ते सांगावयास हवे. 75 मिलिमीटर लांब व 25 मिलिमीटर रुंद अशा काचेच्या पट्टीवर रुग्णाचा कफ, गर्भाशयमुखावरून खरवडलेला स्राव, छातीत किंवा पोटात साठलेले पाणी, अथवा गाठीत सुई घालून ओढलेला अंश यांचा पातळ लेप देतात. तो ओला असतानाच 95 टक्के अल्कोहोलात बुडवितात, म्हणजे पेशी ज्या स्थितीत असतील त्या स्थितीत जणू गोठतात. मग रंगांच्या भांड्यांची रांग लागते. ही रंजनपद्धती जॉर्ज पापानिकोलाऊ या ग्रीक वैद्याची. स्रावातील सुट्या पेशींवरून गर्भाशयाचा कर्करोग ओळखता येतो हे त्याने अमेरिकेत 1928 साली मांडले, तेव्हा कोणी फारसे मनावर घेतले नाही. 1943 मध्ये हर्बर्ट ट्राऊट याच्यासह त्याचा ग्रंथ निघाला आणि मग चित्र पालटले. त्याच्या पद्धतीत केंद्रकाला निळा रंग देणारे हेमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या गाभ्यातून काढलेले असते, आणि पेशीद्रव्याला नारिंगी, गुलाबी, हिरवट छटा देणारे इतर रंग असतात. शेवटी झायलीनमध्ये बुडवून लेप पारदर्शक करावयाचा, वर पातळ आच्छादन-काच चिकटवावयाची, की काम झाले. पाहणाऱ्याचा डोळा मुख्यतः केंद्रक शोधतो. ते पेशीद्रव्याच्या मानाने अवाढव्य, गडद आणि ओबडधोबड कडांचे असेल, तर कर्करोगाचा संशय येतो. यातच अडचणीचे मूळ आहे. गडद, मोठे आणि वेडेवाकडे असे जगात पुष्कळ काही असते.

या नसत्या गोष्टींना नावे काय द्यावीत? इंग्रजीतील ‘आर्टिफॅक्ट’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. ‘कौशल्याने केलेले’ असा त्याचा लॅटिन मूलार्थ. पुरातत्त्वज्ञाला उत्खननात असे काही सापडले तर तो आनंदाने नाचतो, कारण तेथे माणसाच्या हाताचा ठसा हेच धन; प्रयोगशाळेत तोच शब्द शिवीसारखा वापरतात, कारण येथे माणसाच्या हाताचा ठसा हाच दोष. मी विद्यार्थ्यांपुढे ‘कृतक’ हा शब्द वापरतो. बाहेरून येऊन पडलेल्या वस्तूसाठी मात्र आपल्याकडे तयार शब्द आहे. चरकाने रोगांचे निज आणि आगंतु असे भेद केले. शरीराच्या आतून उपजलेला तो निज, बाहेरून आलेला तो आगंतु. ‘आगंतुक’ म्हटले की बंगाली विद्यार्थी हसतात, कारण त्यांना सत्यजित राय यांचा 1991 सालचा शेवटचा चित्रपट आठवतो. दारात उभा राहिलेला पाहुणा खरोखरीच आपला मामा आहे की कोणी तोतया, हे घरच्यांना ठरविता येत नाही, एवढाच त्याचा विषय, आणि आमचाही. (हावड्यात मराठी माणूस स्वतःच आगंतुक असतो, आणि 1742 नंतरच्या बर्गींच्या स्वाऱ्यांची आठवण त्याला कोणी ना कोणी हसत हसत करून देतोच, हा भाग वेगळा.)

हावडा हे या विषयासाठी योग्य गाव आहे. हुगळीच्या पश्चिम तीरावर एकीकडे 1787 साली रॉबर्ट किडने स्थापिलेले शिवपूरचे वनस्पतिउद्यान, ज्याला 2009 पासून जगदीशचंद्र बोस यांचे नाव आहे. दुसरीकडे तागाच्या गिरण्या आणि ओतकामाचे असंख्य लहानमोठे कारखाने, ज्यांतून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील लोखंडी झाकणेही गेली. म्हणजे परागकण, तागाचे तंतू, काजळी व लोखंडाची धूळ यांची एकाच हवेत सरमिसळ. नव्या विद्यार्थ्यास रोगाची काचपट्टी दाखविण्यापूर्वी मी एक कोरी काचपट्टी देतो. तिला ग्लिसरिनचा हात लावावयाचा, ती खिडकीत एक दिवस उघडी ठेवावयाची, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर जे दिसेल त्याचे चित्र काढावयाचे. रुग्ण नाही, रोग नाही, तरी काचपट्टी भरलेली. तागाचे तंतू, काळे कण, पतंगाच्या पंखाचे खवले, एखादा तुटका डासाचा पाय, आणि तपकिरी रंगाचे, आडव्याउभ्या भिंतींनी खण पडलेले, एका टोकास निमुळते होत गेलेले असे काही, जे पाहून विद्यार्थी हमखास विचारतो, ‘हा कोणता रोग?’ ती अल्टर्नेरिया नावाच्या बुरशीची बीजुके. सडणाऱ्या पानांवर ती वाढते, वाऱ्यावर तिची बीजुके फिरतात. रुग्णाशी तिचा काडीचाही संबंध नसतो.

परागकण हा सर्वांत फसवा. गवताचा परागकण साधारण 30-40 मायक्रॉनांचा, म्हणजे पृष्ठभागावरील आपल्या सपाट पेशीहून फार लहान नव्हे. जास्वंदीचा तर शंभराहूनही मोठा, आणि सर्वांगावर काटे, एखाद्या कदंबाच्या फुलासारखा. कालीपूजेच्या दिवसांत हा कुणाच्या ओंजळीतून येतो ते सांगावयास नको. रंगाच्या भांड्यातून गेला की तो गडद होतो, आणि घाईत पाहणाऱ्यास त्यात राक्षसी केंद्रक दिसते. परंतु निरखून पाहिल्यास त्याला जाड, दुहेरी, चकाकणारी भिंत असते. प्राण्याच्या पेशीला अशी भिंत कधीच नसते. आत केंद्रकाचे कणीदार पोत नसून सपाट एकसारखा रंग असतो. आणि निर्णायक गोष्ट अशी की, तो रुग्णाच्या पेशींच्या पातळीत नसतो. सूक्ष्मदर्शकाचा बारीक स्क्रू किंचित फिरवावा. पेशी स्पष्ट दिसत असताना तो अस्पष्ट असतो, आणि तो स्पष्ट झाला की पेशी धूसर होतात. लेप वाळल्यावर वरून येऊन पडलेले जे असते, ते लेपाच्या वर तरंगते. मी विद्यार्थ्यांना या शास्त्रातील एकच नियम पाठ करावयास सांगितला तर तो हाच सांगेन. अर्थात त्यालाही अपवाद आहेत: नमुना घेतानाच जे मिसळले ते पेशींच्याच पातळीत असते.

असे मिसळणारे पदार्थही ठरलेले. शस्त्रक्रियेच्या हातमोज्यांना पूर्वी टाल्कची आणि नंतर मक्याच्या स्टार्चची भुकटी लावीत. स्टार्चचा कण साध्या प्रकाशात रंगहीन, मध्ये चीर पडलेला दिसतो. ध्रुवित प्रकाशात मात्र त्याच्या अंगावर झळझळीत चौफुली उमटते आणि संशय तत्काळ फिटतो. अमेरिकेने 2016 साली भुकटीच्या हातमोज्यांवर बंदी घातली, आता ती चौफुली क्वचित दिसते, आणि तरुण विकृतितज्ज्ञ ती प्रथम पाहतात तेव्हा गोंधळतात. कापसाचा तंतूही ध्रुवित प्रकाशात उजळतो. सतरंजी-गालिचे खाणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या अळीचे बाणाच्या आकाराचे केस कापसाच्या बोळ्यांतून स्त्रियांच्या लेपांत येतात. असा केस प्रथम पाहिला तेव्हा मला वाटले, कोणीतरी गंमत म्हणून काचेवर कोरीव काम केले आहे.

कफाच्या परीक्षेत अन्नाचे कण येतात आणि तेथे वनस्पतिपेशी खरा त्रास देतात, कारण त्यांचे केंद्रक खरोखरीच गडद व मोठे असू शकते. जाड आयताकृती भिंत, कधी मळसूत्रासारख्या वळणाच्या नलिका, हिरवट-पिवळी झाक यांवरून त्या ओळखावयाच्या. बंगालात पानसुपारी आणि तंबाखू तोंडात असतेच. हावड्याच्या पुलाच्या लोखंडी खांबांची तळाची आवरणे पानाच्या पिचकाऱ्यांनी झिजून 6 मिलिमीटरांवरून 3 मिलिमीटरांच्या आत आली असे 2011 च्या सुमारास जाहीर झाले, आणि तेथे फायबरग्लासची आवरणे बसवावी लागली. जे पोलादाचे ते गालाच्या आतल्या त्वचेचे व्हावे असे कोणी म्हणणार नाही. पोलादाचे कारण वेगळे, त्वचेचे वेगळे. परंतु वसंत रामजी खानोलकरांनी मुंबईच्या टाटा रुग्णालयातील तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या 1000 रुग्णांचा आढावा 1944 साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून पानतंबाखूच्या सवयीचा प्रश्न आपल्या विकृतिशास्त्रात घर करून आहे. येथे एक कोडे उभे राहते. काचेवरील पानाचा तुकडा निदानाच्या दृष्टीने आगंतुक आहे, तो वगळावा. परंतु रुग्णाच्या दृष्टीने तो त्याच्या रोगाचा साक्षीदार असू शकतो. या कोड्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

कृतकांविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यांची यादी देण्यात स्वारस्य नाही. लेप अल्कोहोलात बुडविण्यास उशीर झाला आणि वर पंखा चालू असला, तर पेशी हवेतच वाळतात. केंद्रके फुगतात, त्यांतील कणीदार पोत पुसट होते, पेशीद्रव्य भलतेच गुलाबी होते. चैत्र-वैशाखात हे मिनिटाच्या आत घडते. आणि गंमत अशी की, जीम्सा किंवा लीशमन यांच्या रंगांसाठी लेप मुद्दाम हवेतच वाळवितात; तेथे तो दोष नव्हे, रीत होय. एका परंपरेतील अपपाठ तो दुसरीतील मान्य पाठ, असे येथेही घडते. पावसाळ्यात झायलीनमध्ये दमट हवेतील पाणी उतरले की काचपट्टी दुधाळ होते. आच्छादन-काच लावण्यास विलंब झाल्यास झायलीन उडून जाते, पेशींवर हवेचे बारीक बुडबुडे अडकतात आणि पेशी मक्याच्या पोह्यांसारख्या तपकिरी, कुरकुरीत दिसू लागतात. काच काढून पुन्हा झायलीनमध्ये बुडविली की बहुधा हे निवळते. काचेवर लेप दाबून पसरला तर नाजूक पेशींची केंद्रके चिरडून त्यांचे निळे पट्टे ओढले जातात, आणि काही कर्करोगांच्या पेशी इतक्या नाजूक असतात की, चिरडले जाणे हेच त्यांचे लक्षण मानावे की काय असा मोह होतो. तो आवरावा. चिरडलेल्या पेशीवरून निदान करू नये, शेजारची धड पेशी शोधावी.

आता त्या तिसऱ्या प्रकाराकडे येतो, जो मी घातक म्हटला.

व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांतील गोष्ट. एका रुग्णालयात मी काम करीत होतो. एका शाळामास्तरांचा कफ तपासणीस आला होता; जुना खोकला, छायाचित्रात काही संशयास्पद नाही. काचपट्टीच्या एका कडेशी मला तीन पुंजके दिसले. ग्रंथिपेशींच्या कर्करोगाचे इतके स्पष्ट पुंजके मी पाठ्यपुस्तकातही पाहिले नव्हते. अहवाल शाईने लिहून झाला, सही राहिली होती. आमच्याकडे रंगकाम करणारे एक वृद्ध सहायक होते, त्यांचे शिक्षण बेताचे, परंतु चाळीस वर्षे हात त्याच भांड्यांत. ते काचपट्ट्या गोळा करावयास आले आणि अहवालावर नजर टाकून म्हणाले, ‘डॉक्टरबाबू, आज सकाळी भांड्यात पहिली काच कोणाची गेली ते पाहिलंत का?’

मी पाहिले नव्हते. ती एका स्त्रीच्या छातीतील पाण्याची होती, आणि त्या पाण्यात कर्करोगाच्या पेशींचे पुंजकेच्या पुंजके होते. अशा पाण्यातील पेशी काचेला नीट चिकटत नाहीत. रंगाच्या भांड्यात त्या सुटतात, तरंगतात आणि पुढे येणाऱ्या काचेवर जाऊन बसतात. दोन्ही काचपट्ट्या शेजारी ठेवून पाहिल्या. पेशी त्याच, रंगाची छटा तीच. मास्तरांच्या काचपट्टीवरील पुंजके कफाच्या धाग्यांत गुंतलेले नव्हते, ते धाग्यांच्या वर बसले होते. फुप्फुसातून पेशी येते तेव्हा तिच्यासोबत येणाऱ्या भक्षक पेशी आसपास नव्हत्या. आणि बारीक स्क्रू फिरविला असता पातळी वेगळी निघाली. जो नियम मी परागकणांवर रोज चालवीत होतो, तो मानवी पेशींवर चालविण्याचे मला सुचले नव्हते, कारण त्या ‘खऱ्या’ होत्या. त्या खऱ्या होत्याच. फक्त मास्तरांच्या नव्हत्या. पुढील तीन दिवसांचे कफाचे नमुने मागविले, त्यांत काही निघाले नाही. मास्तरांना यातले काही कळले नाही. मला मात्र तो शाईने लिहिलेला, सही नसलेला कागद कित्येक वर्षे फाडवला नाही.

हस्तलिखितांच्या अभ्यासकांस हा प्रकार परिचित आहे. लेखनिक एका पोथीवरून नक्कल करता करता दुसऱ्या कुळातील पोथी शेजारी ठेवतो आणि तिच्यातील पाठ इकडे उतरवून घेतो. त्यालाच सुखठणकर संकर म्हणत, आणि महाभारताच्या पोथ्यांचा सरळ वंशवृक्ष काढणे या संकरामुळेच दुर्घट होते हे त्यांनी दाखवून दिले. शब्द निखळ, व्याकरण शुद्ध, छंद बिनचूक, आणि तरीही पाठ परका. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असा इशारा दिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे वाईट ओव्यांपेक्षा चांगल्या ओव्यांचीच भीती असावी, असे मला वाटते. वाईट ओवी कोणीही ओळखतो.

या संकरावर उपाय आहेत आणि ते सर्व कंटाळवाणे आहेत. रंग रोज गाळावेत. छातीतील व पोटातील पाण्याच्या काचपट्ट्या सर्वांत शेवटी किंवा वेगळ्या भांड्यात रंगवाव्यात. कोणती काच कोणत्या क्रमाने बुडविली याची वही ठेवावी. संशय राहिल्यास आता पेशींतील डीएनएची रुग्णाच्या डीएनएशी तुलना करून त्या कोणाच्या हे ठरविता येते, परंतु ते खर्चाचे काम आणि त्यासाठी आधी संशय यावा लागतो. इकडे काचपट्ट्यांची संगणकीय प्रतिमा घेऊन ती पडद्यावर वाचण्याची पद्धत वाढत आहे. यंत्र बहुधा एकाच पातळीवर प्रतिमा टिपते. म्हणजे वर तरंगणारे आणि खाली रुतलेले यांतील जो फरक स्क्रू फिरवून कळत असे, तो प्रतिमेत सपाट होऊन जातो. अनेक पातळ्यांवर प्रतिमा घेता येते, मात्र तिला वेळ आणि साठवणीची जागा अधिक लागते म्हणून ती पुष्कळदा घेत नाहीत. हे मला चिंतेचे वाटते, यंत्राचा द्वेष म्हणून नव्हे. छापील संहितेवर विसंबून पोथी पाहणे सोडणाऱ्या संपादकाविषयी जी चिंता वाटावी, तीच ही.

मात्र वगळण्याचा अतिरेकही घडतो, आणि त्याचे उदाहरण नदीपलीकडेच आहे. दमदमच्या छावणीतून ज्वराने खंगून इंग्लंडला परतलेला एक सैनिक 1900 साली नेटलीच्या लष्करी रुग्णालयात मरण पावला. विल्यम लीशमन याने त्याच्या प्लीहेचे लेप रंगविले, तेव्हा त्याला दोन-तीन मायक्रॉनांचे असंख्य अंडाकृती कण दिसले. हे काय असावे? मृत्यूनंतर पेशी सडू लागल्याचे चिन्ह, रंगाचा साका, की काही जिवंत? त्याने जवळजवळ तीन वर्षे काही प्रसिद्ध केले नाही. 1903 मध्ये लिहिले तेही, हे दुसऱ्याच एका परजीवीचे, ट्रिपॅनोसोमाचे, अवशेष असावेत असे. त्याच वर्षी मद्रासला चार्ल्स डोनोव्हन यास शवविच्छेदनात तेच कण दिसले, आणि मग जूनमध्ये एका जिवंत मुलाच्या प्लीहेतून सुईने काढलेल्या रक्तातही दिसले. जिवंत शरीरात असल्यावर ते मरणोत्तर कृतक कसे असणार? रोनाल्ड रॉसने त्या जीवाला दोघांचीही नावे दिली. हाच काळा आजाराचा जनक. पुढे याच कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी त्यावर औषध शोधले, त्याची हकीकत सर्वश्रुत आहे. लीशमनला अखेर धीर दिला तो त्या कणांच्या अंतर्रचनेने: प्रत्येकात एक मोठे आणि एक काडीसारखे लहान असे दोन गडद बिंदू, हे ठरावीक अंतरावर. रंगाचा साका असे नियम पाळीत नाही.

उलट बाजूस, एडिंबरोच्या विल्यम रसेल याने 1890 साली कर्करोगाच्या ऊतींत लालभडक रंगणारे गोल पिंड पाहिले आणि कर्करोगाचा जंतू सापडला असे जाहीर केले. ते पिंड खरे होते, आजही त्याच्याच नावाने ओळखले जातात. परंतु ते जंतू नव्हते, शरीराच्याच एका प्रकारच्या पेशींत साठून राहिलेले प्रथिन होते. आगंतुक मानलेले ते निज निघाले. म्हणजे चूक चारही दिशांनी होऊ शकते.

मघाच्या कोड्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी साठीतल्या एका पुरुषाचा कफ आला. अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द, ‘मजुरी’. काचपट्टीवर काळे-तपकिरी कण पुष्कळ होते, आणि हावड्यात त्याचे कोणाला आश्चर्य वाटत नाही. माझ्या तरुण सहकाऱ्याने ‘ओतकारखान्याची धूळ, दुर्लक्षणीय’ अशी टिपण केली होती. तिचे म्हणणे बव्हंशी बरोबरच होते. परंतु त्यांतील दोन-तीन काड्या निराळ्या होत्या. सोनेरी-तपकिरी, मण्यांच्या माळेसारख्या गाठी असलेल्या, दोन्ही टोकांना मुद्गलासारख्या फुगीर, आणि आतून केसाहून बारीक असा एक पारदर्शक धागा सरळ गेलेला. स्क्रू फिरविला. काडी आणि तिच्याभोवतीची पेशी एकाच वेळी स्पष्ट झाली. भक्षक पेशीने ती अर्धी गिळलेली होती. काचेवर मागाहून पडलेल्या धुळीला कोणतीही पेशी गिळीत नाही. हे फुप्फुसाच्या आत, माणूस श्वास घेत असताना घडलेले होते. लोहासाठी वापरतात तो प्रशियन निळा रंग दिला, तेव्हा काड्या निळ्या झाल्या आणि मधला धागा तसाच रंगहीन राहिला. ॲस्बेस्टसचा तंतू फुप्फुसात शिरला की शरीर त्याच्याभोवती लोह आणि प्रथिन यांचे कवच चढविते, तेच हे. अशी काडी सापडली म्हणजे रोग झालाच असे नव्हे, परंतु तो तंतू त्या माणसाच्या श्वासात होता एवढे निश्चित होते.

त्यांना बोलावून घेतले. ओतकारखान्यात ते कधीच नव्हते. ‘चटकलात होतो, बाबू,’ ते म्हणाले. चटकल म्हणजे तागाची गिरणी. तागावर काम केले का, असे विचारले तर नाही म्हणाले. बारा वर्षे बॉयलरच्या नळ्यांना पांढऱ्या दोऱ्यांचे आवरण गुंडाळण्याचे आणि जुने झाले की खरवडून काढण्याचे काम, तोंडावर गमछा बांधून. गिरणी बंद पडल्यावर मिळेल ती मजुरी. हे कोणी विचारले नव्हते, म्हणून त्यांनी सांगितले नव्हते. त्यांची छायाचित्रे पुन्हा काढावयास सांगून त्यांना छातीच्या तज्ज्ञांकडे पाठविले. सहकाऱ्याने आपली टिपण खोडून नवी लिहिली, आणि मी अर्जावरील ‘मजुरी’ या शब्दापुढे, रकान्यात जागा नव्हती म्हणून समासात, बॉयलरचे काम, बारा वर्षे, असे लिहून त्याखाली तारीख घातली.